गाडीची एअर काढताना

अहो, गाडी बंद पडली. तुम्ही गेल्याला बावीस दिवस झाले होते, आणि ती माझ्याच हातून बंद पडली.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा मी वही घेऊन बसले होते. शाळेच्या वाचनालयात जन्म काढलेली बाई, नवऱ्याविषयी चार ओळी धड लिहिता येतील असं वाटलं होतं. तुमचं गाव, शिक्षण, बोटींची नावं, निवृत्ती असं करत एक पान भरलं. वाचून पाहिलं तर त्यातल्या माणसाशी माझं लग्न झालं होतं असं वाटेना. वही मिटून ठेवली. आज पुन्हा उघडली ती गाडीमुळे.

मंजिरीचा पुण्याहून फोन आला होता. आपली लेक कशी बोलते तुम्हाला माहीत आहे, आधी जेवलीस का, मग औषध घेतलंस का, मग मुद्दा.

"आई, गाडी विकायची म्हणून फोटो टाकले होते ना मी, एक जोडपं रविवारी बघायला येतंय. माणसं चांगली वाटली बोलण्यावरून. गाडी चालू आहे ना?"

"चालू आहे. तुझे बाबा दर रविवारी चालू करून ठेवायचे."

"हो, पण बाबांनंतर?"

ती हे सहज बोलली. तिचा काही दोष नाही. पण 'बाबांनंतर' हा शब्द मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, बघते. आणि गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास किल्ली घेऊन शेडमध्ये गेले.

ती पायरी चढताना अजूनही मी उजव्या हाताने दाराचा दांडा धरते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तुमच्या जागेवर बसले. पाय पोचेनात म्हणून पुढे सरकले. किल्ली फिरवली, आणि दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन लागलं. सगळी गाडी नेहमीसारखी थरथरली, तुम्ही गाडीत बसवलेल्या कपाटातले पेले वाजले. मला इतका आनंद झाला की मागे वळून तुम्हाला सांगणार होते. तेवढ्यात आवाज बदलला. इंजिन अडखळलं, जोर लावल्यासारखं केलं, पुन्हा अडखळलं आणि थांबलं. अर्धा कप चहा प्यायला लागतो, फार तर तेवढा वेळ चाललं असेल.

मग मी तेच केलं जे तुम्ही कधी करू नको म्हणून सांगितलं होतं. सेल्फ मारत राहिले. एकदा, दोनदा, दहादा. सुरुवातीला इंजिन जोराने फिरत होतं, मग जड जड होत गेलं, आणि शेवटी किल्ली फिरवली की नुसता टक असा आवाज यायला लागला. बॅटरी बसली.

रडू मला तेव्हा आलं. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, नंतरही कुणी ना कुणी येत राहिलं, आणि माणसांसमोर मला रडता येत नाही.

*

ही गाडी आपल्या घरात कशी आली, ते तुम्ही सगळ्यांना एका पद्धतीने सांगायचात आणि मी दुसऱ्या. तुमच्या गोष्टीत एका शाळेने मोडीत काढलेली मिनीबस होती, तिचं इंजिन "जुन्या वळणाचं, पण शब्दाला जागणारं" होतं, आणि ती भंगारात जाणं म्हणजे पाप होतं. माझ्या गोष्टीत असं होतं, की एकतीस वर्षं बोटीवर नोकरी करून नवरा कायमचा घरी आला, चार महिने अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, आणि पाचव्या महिन्यात एक पिवळी बस घेऊन आला.

तुम्ही तिच्या खुर्च्या काढल्यात. लाकडी पलंग केलात, पलंगाखाली पाण्याची टाकी, शेगडीला कडेने पितळी पट्टी, म्हणजे भांडी घसरू नयेत. खिडक्यांना पडदे मी शिवले. तेही तुम्ही तीनदा मागितल्यावर. येणारे-जाणारे तुमच्या बोटीवरच्या हुद्द्याने हाक मारून विचारायचे, "काय मोटरमन, आता रस्त्यावर बोट घालणार?" तुम्ही हसायचात. मी आत स्वयंपाकघरात असायची. मला हसू येत नव्हतं.

नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. मंजिरीचा जन्म, तिची गोवर, सासूबाईंचं शेवटचं दुखणं, छपराची कौलं, विहिरीचा पंप, सगळं मी या घरात एकटीने पाहिलं. तक्रार करत नाही. वाचनालय होतं, पुस्तकं होती, आणि तुमची पत्रं यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी साइन ऑफची तारीख असायची. अमुक तारखेला बोटीवरून उतरतोय. पुढे फोन आले तरी तारीख तुम्ही आधी सांगायचात, मग बाकीचं. मी ती कॅलेंडरवर लिहीत नसे. लोकांना दिसू नये म्हणून मी ती वाचत असलेल्या पुस्तकात, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायची. वाचनालयाच्या पुस्तकात असेल तर परत करताना खोडायची.

असं असताना तुम्ही एकदाचे आलात आणि घरालाच चाकं लावायला निघालात. मला दुसरं काय वाटणार होतं?

*

तरी मी आले. पहिल्यांदा जवळच गेलो, आणि दुसऱ्यांदा सावर्ड्याला तुमच्या बहिणीकडे. सावर्ड्याची आठवण निघाली की तुम्ही विषय बदलायचात. आता बदलता येणार नाही, तेव्हा ऐका.

गाडीतला डिझेलचा काटा कधीच चालला नाही. तुम्ही म्हणायचात, काट्यावर भरवसा ठेवतो तो इंजिनखोलीतला माणूसच नव्हे. बोटीवर टाकी मोजतात ती आत पट्टी सोडून. म्हणून तुम्ही बांबूची एक काठी तासून तिच्यावर खुणा केल्या होत्यात. ताईंच्या अंगणात गाडी दोन रात्री उभी होती. निघायच्या सकाळी तुम्ही काठी टाकीत घातलीत, वर काढून मला दाखवलीत. "वीतभर आहे. रत्नागिरीला पोचून उरेल."

ताईंचं अंगण उताराचं. गाडी एका अंगाला कललेली, आणि टाकीतलं सगळं डिझेल काठीच्या बाजूला गोळा झालेलं. हायवेला लागून जेमतेम मैलभर गेलो असू, आणि गाडी खोकत खोकत कडेला लागली.

मी विचारलं, "बोट कधी कलत नाही का हो?"

"कलते."

"मग तेव्हा कसं मोजता?"

"दोन्ही बाजूंनी मोजतो आणि हिशेब धरतो."

"मग इथे?"

तुम्ही काठीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "इथे जमीन होती ना. जमिनीवर विश्वास ठेवला."

मी इतकी हसले की रस्त्यावरून जाणारा मोटरसायकलवाला थांबला. त्याच्या मागे बसून तुम्ही कॅन घेऊन गेलात, डिझेल आणलंत, टाकीत ओतलंत. मला वाटलं झालं आता. तुम्ही म्हणालात, आता तर सुरुवात आहे.

इंजिनावरचं झाकण तुम्ही उचललंत आणि मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलंत. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. एअर घेतली म्हणतात. पंप बिचारा ढकलत राहतो, पण तो ढकलतो ती हवा. हवा दबते आणि तिथेच राहते, पुढे डिझेल जातच नाही. म्हणून आधी हवेला वाट करून द्यायची. एकेका ठिकाणी बोल्ट ढिला करायचा, हातपंप दाबायचा, आणि बघत राहायचं. बाकी काही नाही.

"भांडं दे," म्हणालात. मी आमटीचं पातेलं दिलं, दुसरं होतं कुठे. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट तुम्ही पाव फेरा सैल केलात आणि हातपंप दाबायला लागलात. आधी नुसता फस्स आवाज, मग फेस, मग बुडबुडे घेऊन येणारं डिझेल. मी म्हटलं, आलं. तुम्ही म्हणालात, थांब. बुडबुडे येत राहिले, मोठे, मग बारीक, मग अगदी मोहरीएवढे. मी पुन्हा म्हटलं, आलं की. "थांब. एक जरी राहिला तरी तो पुढे जाऊन आडवा येतो." शेवटी काचेसारखी सलग धार आली. "आता आवळ," म्हणालात, आणि पाना माझ्या हातात दिलात.

"मी?"

"माझा हात पंपावर आहे. पंप सोडला तर हवा परत जाईल. हे दोघांचं काम आहे, ग्रंथपालबाई. शीक."

"मी पुस्तकात वाचून घेईन."

"पुस्तकात बुडबुडा दिसत नाही."

मी बोल्ट आवळला. मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट, एकेक. डिझेल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. गाडी चालू झाली तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ती तुमच्या आयुष्यात मी दोनदाच पाहिली. दुसऱ्या वेळचं इथे लिहीत नाही. अंधार पडला म्हणून वाटेतच मुक्काम केला, आणि रात्री मी त्या अरुंद पलंगावर तुमच्या शेजारी झोपले आणि सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी तुम्ही विचारलंत, "झोप लागली?" मी म्हटलं, "पाठ दुखतेय."

*

आपलं भांडण गेल्या गणपतीनंतर झालं. भांडण म्हणजे आपल्यात जेवढं होतं तेवढंच. तुम्ही जेवताना म्हणालात, दिवाळी झाली की निघू, किनाऱ्या-किनाऱ्याने खाली, केरळपर्यंत. चार महिने, सहा महिने, जसं जमेल तसं. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"एकतीस वर्षं मी या घरात तुमची वाट पाहिली," मी म्हटलं. "आता तुम्ही आलात, तर मला घरातून निघा म्हणता?"

तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवलात. मग जे म्हणालात ते मला आधी कधीच माहीत नव्हतं. "बोटीवर ऑफिसर लोकांना बायका न्यायला परवानगी असायची. आम्हाला नव्हती. संध्याकाळी मी इंजिनखोलीतून वर हवा खायला यायचो, तर डेकवर एखाद्या साहेबाची बायको खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसलेली असायची. दर बोटीवर कुणी ना कुणी असायचीच. मी ठरवलं होतं, आपलं काहीतरी असेल तेव्हा तुला नेईन."

त्या क्षणी मी गप्प राहायला हवं होतं. निदान उठून तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण माझ्याही आत एकतीस वर्षांचं काहीतरी साचलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही ठरवलंत. बस आणलीत, पलंग केलात, केरळ ठरवलंत. मला एकदा तरी विचारलंत का, की बाई, तुला यायचंय का?"

तुम्ही ताटात हात धुतलेत. आपल्या घरात कुणी ताटात हात धुवत नाही. केरळचा विषय पुन्हा निघाला नाही. दर रविवारी तुम्ही गाडी चालू करायचात, दहा मिनिटं चालवायचात, बंद करायचात. मी आतून आवाज ऐकायची. मग तुम्हाला चढताना दम लागायला लागला, आणि डॉक्टरांनी कोल्हापूरला जायला सांगितलं.

*

गुरुवारी दुपारी मी गजाभाऊंना फोन करून गाडी बंद पडल्याचं आणि रविवारच्या गिऱ्हाइकांचं सांगितलं. पूर्णगडचे तुमचे हे मित्र, होड्यांच्या इंजिनांचे मेकॅनिक. तुमच्या दिवसांना आले होते तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलू शकले नव्हते. फोनवर म्हणाले, "वैनी, गाडीला हात लावू नका, मी येतंय." तासा-दीड तासाने एका तीनचाकी टेम्पोतून आले, सोबत होडीची बॅटरी घेऊन.

गाडीत चढताना त्यांनी दाराला हात लावून कपाळाला लावला, होडीत चढताना लावतात तसा. मग सगळं नीट विचारलं. किती वेळ चालली, कशी बंद पडली, धूर कसला होता.

"एअर घेतलीन," म्हणाले. "पण का? टाकीत डिझेल हाय?"

मी काठी घालून दाखवली. शेडमधली जमीन सपाट आहे, ते आधी सांगितलं. अर्धी टाकी भरलेली होती.

मग ते पलंगाखाली वाकले, डिझेलच्या टाकीकडून येणाऱ्या नळीवर हात फिरवत फिरवत गेले, आणि एका ठिकाणी थांबले. तिथे पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहिलं.

"काय झालं गजाभाऊ?"

"कॉक बंद हाय."

मी वाकून पाहिलं. पितळेचा लहानसा कॉक, त्याची मूठ नळीवर आडवी. असा कॉक या गाड्यांना नसतो. तो तुम्ही आणि गजाभाऊंनी मिळून बसवला होतात, इंजिनखोलीची सवय म्हणून. नळीत जेवढं डिझेल होतं तेवढ्यावर इंजिन चाललं, मग टाकीकडून येईना तेव्हा जुन्या जोडांमधून हवा ओढून घेतली.

"म्हणजे हे गाडी बंद करताना नेहमीच करायचे का?" मी विचारलं.

"नाय ओ. आठ दिवसांसाठी कोण कॉकला हात लावतो? आमचं ठरलेलं होतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहायची असली तरच आडवा करायचा." मग त्यांनी पलंगाखालची पाण्याची टाकी उघडून पाहिली. कोरडी. तळाचं बूच काढून बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. गॅसची नळी काढलेली, सिलिंडरला टोपी घातलेली. चाकांखाली फळ्या सरकवलेल्या, त्या मी रोज शेडवरून जाताना पाहत होते आणि मला दिसल्या नव्हत्या. "सगळं केलान दादानं. पावसाआधी होडी वर काढताना करतात तसं. बॅटरीची वायर तेवढी काढायची राहिली."

ती का राहिली, ते मला माहीत आहे. कोल्हापूरला निघायच्या सकाळी जावई गाडी घेऊन दारात आले होते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालात आणि म्हणालात, "आलोच, जरा शेडमध्ये बघून." वीस मिनिटं झाली तरी येईनात, म्हणून मी हाका मारल्या. तुम्ही आलात तर हाताला डिझेलचा वास. मी म्हटलं, "हॉस्पिटलात जाताना तरी हात स्वच्छ ठेवा." तुम्ही नळाखाली हात धुतलेत, मला दोन्ही बाजूंनी दाखवलेत आणि म्हणालात, "दोन दिवसांत येतो. पिशवी जड करू नको."

दोन दिवस. आणि गाडी बंद केली होतीत ती मोसमभरासाठी.

हॉस्पिटलात अकरा दिवस मी तुम्हाला पेपर वाचून दाखवला. तुम्ही मंजिरीची चौकशी केलीत, ताईंची, विहिरीच्या पाण्याची. गाडीचं एकदाही विचारलं नाहीत. मला मनातून बरं वाटलं होतं. वाटलं, सुटलं एकदाचं वेड. इतकी वर्षं पुस्तकांतली न लिहिलेली वाक्यं वाचणारी मी, आणि मला हे वाचता आलं नाही.

मी पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, "गजाभाऊ, त्यांना कळलं होतं."

"व्हय."

"मला सांगितलं नाही."

गजाभाऊ फळीवर पाने मांडत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. "सांगून काय करणार होतात तुम्ही?"

"भांडले असते."

"मंग त्या भीतीनंच नसंल सांगितलान." ते थोडे हसले, हातातला पाना खाली ठेवला. "पण वैनी, एक सांगू? तुम्ही रविवारी विकताय म्हणून बोलत नाय. होडी मोडायची असली ना, तर तिला कुणी असं बंद करत नाय. किनाऱ्यावर टाकून देतात, पाण्यासकट. एवढं सगळं निगुतीनं करतात ते नारळी पुनवेला परत दर्यात घालायची असते म्हणून. कुणीतरी उघडील असं वाटल्याशिवाय कोण बंद करील?"

मी विचारलं, "एअर काढायला काय काय लागेल?"

"तुम्ही बसा. मी करतंय."

"नाही. तुम्ही पंपावर बसा. बोल्ट मी आवळते."

*

कॉक मी उघडला. मूठ घट्ट बसली होती, तुमच्या हाताने बसवलेली. दोन्ही हातांनी फिरवावी लागली. मग इंजिनावरचं झाकण उचललं. आमटीचं पातेलं आणायला घरात गेले तेव्हा शेजारच्या काकी गॅलरीतून बघत होत्या. पातेलं आणि पाना घेऊन चाललेल्या मला त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

फिल्टरचा बोल्ट पाव फेरा. गजाभाऊंनी पंप दाबायला सुरुवात केली. फस्स. मग फेस. मी पातेलं धरून बघत राहिले. बुडबुडे मोठे, मग बारीक. गजाभाऊ म्हणाले, "आलं, आवळा आता."

"थांबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दाबत राहिले. मोहरीएवढे दोन आले. मग एक. मग बराच वेळ काही नाही, आणि धार सलग झाली. मी आवळला. पंपावरच्या स्क्रूला तेवढाच वेळ लागला. नोझलच्या नटांना गजाभाऊ पुढे बसून सेल्फ मारत होते आणि मी एकेका नळीशी डिझेल उसळलं की हाक देत होते. तिसरा नट माझ्या हातून तिरपा बसत होता. तो काढला, पुसला, पुन्हा लावला. अंगठ्याला खरचटलं. साडी खराब झाली. तुम्ही गेल्यापासून तास-दोन तास मी कशाचाही विचार केला नव्हता, असे ते पहिलेच.

"आता तुम्ही बसा," गजाभाऊ उतरत म्हणाले. "किल्ली तुम्ही फिरवायची."

पहिल्या फेऱ्याला नाही लागलं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला एकच ठोका पडला, पांढरा धूर आला, मग दुसरा ठोका, लंगडत लंगडत तिसरा, आणि मग सगळे एका सुरात लागले. पेले वाजायला लागले. गजाभाऊ शेडच्या खांबाला टेकून, तोंड दुसरीकडे करून उभे होते. मी त्यांना हाक मारली नाही. दहा मिनिटं चालू द्यायची असते, मी अर्धा तास चालू दिली.

संध्याकाळी मंजिरीला फोन केला.

"लागली का गाडी?"

"लागली."

"बरं झालं. मग रविवारी त्यांना अकराला बोलावू?"

"त्यांना कळव, गाडी विकायची नाही."

ती तुमच्यासारखीच, एकेक गोष्ट पुढे मांडत बोलली. "आई, तुला चालवता येत नाही. तुला प्रवास आवडत नाही. बाबांशी तू याच गाडीवरून भांडलीस, मला माहीत आहे, त्यांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाले, तुझी आई म्हणते ते बरोबर आहे, मी तिला विचारायला हवं होतं. आता विचारायचं म्हटलं तर लाज वाटते, म्हणाले."

मी म्हटलं, उद्या बोलू, आणि फोन ठेवला.

तर असं आहे. माझा राग गेलेला नाही, तो एवढ्यात जाईल असंही वाटत नाही. एकतीस वर्षं प्रत्येक वेळी तारीख सांगितलीत आणि ही एक तेवढी लपवलीत. मला ती कळली असती तर त्या अकरा दिवसांत मी पेपर वाचत बसले नसते. सावर्ड्याहून परततानाच्या रात्रीची झोप सांगितली असती. डेकवरच्या त्या बायकांविषयी विचारलं असतं, त्या काय वाचायच्या, आणि तुम्ही किती वेळ तिथे उभे राहायचात.

सोमवारी गजाभाऊ येणार आहेत. ते चालवतील, मी शेजारी बसेन. पूर्णगडपर्यंत जाऊ, तासाभराचा रस्ता आहे. तुमच्यासारख्या जग फिरलेल्या माणसाला ते काहीच नाही, मला पुष्कळ आहे. तिथून पुढे जायचं की परत यायचं, ते तिथे गेल्यावर बघेन. केरळचं मी काही बोलत नाही.

लाज कसली वाटायची होती त्यात? एवढंच विचारायचं होतं, येतेस का. मी बहुतेक नाही म्हटलं असतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेडमध्ये गेला असतात, तर मी पिशवी भरून, पुस्तकं घेऊन, गाडीच्या दाराशी उभी असते.